बारानंतरच्या ओळी

खोपोलीत माझ्या दुकानाच्या पाटीवर ‘इन्स्ट्रुमेंट दुरुस्ती व नोंदयंत्रे’ असं लिहिलेलं आहे. त्यातला ‘नोंदयंत्रे’ हा शब्द मीच बनवला आणि तो कोणालाच कळत नाही. आठवड्याला दोघंतिघं तरी मिक्सर घेऊन येतात. मी नाही म्हटलं की जाताना पुन्हा एकदा पाटीकडे बघतात, जणू पाटीनंच त्यांना फसवलंय. साजगाव-खोपोलीच्या कारखान्यांतून एकतीस वर्षं मी इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. प्रेशरचे काटे, भट्ट्यांचे तापमापक, बॉयलरचे गेज, ही माझी माणसं. नोकरी संपल्यावर हात रिकामे ठेववेनात, म्हणून हे डबे करायला लागलो.

नोंदयंत्र म्हणजे साबणाच्या डबीएवढा प्लास्टिकचा डबा. बाहेर एक सेन्सर, म्हणजे हवा किती तापली, किती ओली झाली हे ओळखणारा शेंगदाण्याएवढा तुकडा. आत एक मायक्रोकंट्रोलर. हा नखाएवढा संगणक. त्याला सांगितलेलं एकच काम तो न कंटाळता करत राहतो. शेजारी वेळ सांभाळणारं घड्याळ, आणि आपण मोबाइलमध्ये घालतो तसलं मेमरी कार्ड. कंट्रोलर दर मिनिटाला सेन्सरला विचारतो, आता किती? उत्तर येतं ते कार्डावर उतरवून ठेवतो. महिन्यानं कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं की त्या जागी महिनाभर काय घडलं ते ओळीनं वाचता येतं.

वाचता येतं, हे मी आज इतक्या सहज लिहितो. पण माझ्या पहिल्या डब्यातलं कोणाला वाचता येत नव्हतं. तो डबा मी कर्जतच्या बाजूला भोईर नावाच्या एका पोल्ट्रीवाल्याला दिला होता. त्याची लहान पिल्लं रोज सकाळी पाच-सहा मरून पडायची. डॉक्टर झाले, खाद्य बदलून झालं. मी डबा लावला आणि आठ दिवसांनी कार्ड उघडून त्याला दाखवलं. पडद्यावर नुसते आकडे. चारशे बारा, चारशे नऊ, तीनशे सत्त्याहत्तर.

भोईरनं एका आकड्यावर बोट ठेवलं. म्हणाला, “दीक्षित, चारशे बारा मंजी किती गरम?”

सेन्सरकडून येणारा कच्चा आकडा तसाच लिहिला होता. त्याला अमक्यानं भागायचं, त्यातून तमुक वजा करायचं, असं मी समजावू लागलो.

“मंजी तुमी असाल तवाच मला कळनार,” तो म्हणाला. “उद्या तुमी नसलात तर माजी पिल्लं थंडीनं मेली का गरमीनं, कोन सांगनार?”

ज्या नोंदीचा अर्थ फक्त माझ्या डोक्यात आहे, ती नोंद कसली? घरी येऊन सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. हिशोब डब्यानंच करायचा आणि कार्डावर सरळ माणसाच्या भाषेत ओळ लिहायची: सोमवार, तारीख, इतके वाजून इतकी मिनिटं, इतके अंश. अक्षरं मराठीत उमटावीत म्हणून चार दिवस झटलो.

पुढच्या आठवड्यात भोईरनं स्वतःच वाचलं. रोज पहाटे साडेचारच्या सुमाराला शेडमधलं तापमान आठ-नऊ अंशांनी खाली यायचं आणि उजाडताना परत चढायचं. त्यानं कपाळाला हात लावला. “बा हाय तो,” म्हणाला. त्याचे वडील पहाटे उठायचे, शेडचं दार सताड उघडायचे आणि उंबऱ्यावर बसून पिल्लं बघत राहायचे. म्हाताऱ्याचा तेवढाच विरंगुळा. भोईर त्यांना काही बोलला नाही. दाराच्या आत गोणपाटाचा जाड पडदा लावला आणि वडिलांना बसायला पडद्याच्या आत स्टूल ठेवलं. पिल्लं मरायची थांबली.

ही गोष्ट मी सगळ्यांना सांगायचो. डबा काय करतो आणि का करतो, ते हिच्यातून कळायचं. माझ्या कामाचा मला अभिमान होता, आणि तो किती पोकळ असू शकतो हे पुढं साजगावच्या बाजूच्या एका कारखान्यात कळलं. नाव लिहीत नाही.

तिथं लोखंडी भागांवर पावडरचा रंग मारून भट्टीत भाजत. रंगाला टाचणीनं भोकं पाडावीत तसे बारीक टोचे पडत होते. हवेतल्या ओलीमुळे असं होतं का, हे बघायला मॅनेजरनं भट्टीच्या शेडमध्ये डबा लावायला सांगितला. पत्र्याची बुटकी शेड, एका बाजूला बिनखिडकीची भिंत, चार पंखे. मी डबा भट्टीच्या तोंडापासून दहा पावलांवर खांबाला बसवला. दर शनिवारी जाऊन कार्डाची नक्कल करून आणायची, असं ठरलं.

भट्टीत ट्रॉल्या भरणाऱ्यांत काळूराम वाघमारे होता. कंत्राटी कामगार, पस्तिशीतला, अंगानं शिडशिडीत. डोंगरपायथ्याच्या वाडीतून सायकलनं यायचा. आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकला होता. पहिल्या शनिवारी मी लॅपटॉप उघडून बसलो, तर मागं येऊन उभा राहिला आणि मोठ्यानं वाचायला लागला. “मंगळवार, दोन वाजून दहा, बेचाळीस पूर्णांक तीन अंश.” मग म्हणाला, “मराठीत हाय की.”

“मग? तुझ्यासाठीच लिहिलंय,” मी थट्टेनं म्हटलं.

त्यानं ती थट्टा मानली नाही. मी डब्यावर आकडा दाखवणारी छोटी काचही बसवली होती. त्यानंतर रोज जेवणाच्या सुट्टीत आणि सुटताना तो त्या काचेसमोर उभा राहायचा. शनिवारी मला सांगायचा, “बुधवारी शेचाळीसला गेलता. बगा, तुमच्या कार्डात हाय का.” असायचा.

एकदा त्यानं विचारलं, “सायब, आमाला किती गरम होतं, ते पन लिवतं का ह्ये?”

“हवेला किती होतं ते लिहितं,” मी म्हणालो. “तुला किती होतं ते नाही रे लिहीत.”

“मंग आमचं कोन लिवनार?” असं म्हणून तो हसला आणि ट्रॉली ओढायला गेला. मीही हसलो होतो. इतक्या गरमीत माणसं काम करतायत हे मॅनेजरच्या कानावर घालावं असं तेव्हा मनात आलं, पण माझं काम रंगाच्या टोच्यांचं होतं. मी गप्प राहिलो.

मे महिन्यातल्या एका दुपारी लाइट गेली. पंखे बंद पडले, भट्टीतला माल पुढं सरकवणारी साखळीही थांबली. माल आत तसाच राहिला तर करपणार, म्हणून सुपरवायजरनं भट्टीची दोन्ही दारं उघडून ट्रॉल्या हातानं बाहेर ओढायला सांगितल्या. हे मला दुसऱ्या एका कामगारानं बऱ्याच दिवसांनी सांगितलं, तेही नाव घेऊ नका या बोलीवर. काळूरामनं सात ट्रॉल्या ओढल्या. आठवीला हात घातला आणि तिथंच बसला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन आला. “डबा काढून घ्या, कार्ड मला आणून द्या.” मी गेलो. शेडमध्ये सगळे मान खाली घालून काम करत होते. सुपरवायजर आपणहून म्हणाला, “पिऊन आला होता. उपाशीपोटी पिऊन आला की असंच होणार.” मी खांबावरून डबा उतरवला. कार्ड देण्याआधी सवयीनं नक्कल तेवढी करून घेतली.

दुकानात येऊन ती उघडली. अकरा एकोणसाठला चव्वेचाळीस पूर्णांक एक. बाराला चव्वेचाळीस पूर्णांक दोन. त्याखालची ओळ दोन वाजून सात मिनिटांची होती, एकेचाळीस पूर्णांक तीन. मधलं काही नव्हतं.

इथं थोडं समजावून सांगायला हवं, कारण दोष माझा आहे. कार्डावर पुन्हा पुन्हा लिहिलं की त्याची झीज होते. म्हणून मी तासभराच्या साठ ओळी कंट्रोलरच्या तात्पुरत्या आठवणीत ठेवून दर तासाच्या ठोक्याला एकदम कार्डावर उतरवायचो. वीज चालू आहे तोवरच ती आठवण टिकते. बाराच्या ठोक्याला ओळी उतरल्या. पाऊणच्या सुमाराला लाइट गेली आणि मधल्या सगळ्या ओळी पुसल्या गेल्या. त्यानंतर डबाच बंद, कारण मी त्याला बॅटरीही ठेवली नव्हती. भिंतीवरच्या प्लगवर चालायचा. रंगाचे टोचे मोजायला बॅटरी कशाला, असं वाटलं होतं. लाइट दोन वाजून गेल्यावर आली तेव्हा शेडची शटरं उघडून सगळ्यांना बाहेर काढलेलं होतं.

ज्या तासात तो मेला, नेमका तेवढाच तास माझ्या यंत्रात नव्हता.

पाचव्या दिवशी त्याची बायको दुकानात आली. यमुना. लहानखुरी बाई, वाडीवरून चालत आली होती. पाणी दिलं ते हातात धरून उभी राहिली.

“ते रोज सांगायचे,” ती म्हणाली. “आज इतकं झालं, आज तितकं झालं. तुमच्या डब्यात लिवलेलं असतं म्हनायचे. ते पीत नव्हते, सायब. लोकं म्हंत्यात पिऊन मेला. डब्यात काय लिवलंय?”

मी टेबलावरचा लॅपटॉप मिटला होता. त्या कारखान्याची निम्मी कामं माझ्याकडं होती, शेजारच्या दोन कारखान्यांतही त्याच मॅनेजरच्या शब्दावर शिरलो होतो. आणि तो रिकामा तास मला कोणालाही दाखवायचा नव्हता. मी म्हणालो, “वहिनी, ते तांत्रिक असतं. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही.”

तिनं मान हलवली. ग्लास जपून टेबलावर ठेवला आणि गेली.

आयुष्यात मी बरंच खोटं बोललो असेन. हे वाक्य मात्र अजून कानात तसंच आहे. माणसाला वाचता यावं म्हणून ज्यानं चार दिवस अक्षरांशी झटापट केली, तोच त्या बाईला म्हणाला की तुम्हाला वाचता येणार नाही.

पुढचे काही दिवस जेवण जाईना. माझी बायको मंगल शाळेत शिक्षिका होती. तिच्यापुढं फार दिवस लपवता येत नाही. सगळं ऐकून तिनं एवढंच विचारलं, “त्याच्या जागी आपला मुलगा असता तर किती दिवस थांबला असतात?” मी शर्ट घातला. काळूराम गेल्याला अकरा दिवस झाले होते.

संपूर्ण एप्रिल आणि मेचे ते दिवस छापून घेतले आणि वाडीवर गेलो. यमुना घरामागं लाकडं फोडत होती. मी आधी माफी मागितली. ती ऐकून न ऐकल्यासारखं करून तिनं हात पदराला पुसले आणि कागद मांडीवर घेतले. अक्षरं तिला अडखळत यायची, आकडे मात्र सफाईनं वाचायची. बोट ओळीवरून खाली सरकू लागलं.

“सत्तेचाळीस,” ती थांबली. “ह्यो मंगळवार ना? त्या दिशी आले आन् माठ निम्मा संपवला. जेवले नाय.” मग पान उलटून, “ह्या दिशी अंगाला खाज सुटलेली, मी चुलीची राख लावली. सांगत व्हते, पंचेचाळीस झालेलं.” आणखी खाली, “हा रविवार. सुट्टी. धाकटीला घेऊन नदीवर गेलते.”

सुट्टीच्या दिवशीही डबा लिहीतच होता. बंद शेडमधलं तापमान, एकोणचाळीस, अडतीस. तिनं तेही सगळं वाचलं. तासभर तरी ती वाचत होती आणि मी तिच्या समोर जमिनीवर बसून होतो. मी रंगाच्या टोच्यांसाठी नोंदवलेल्या दोन महिन्यांतली तिला संध्याकाळ न् संध्याकाळ आठवत होती.

शेवटच्या पानावर बोट बाराच्या ओळीवर आलं, मग दोन वाजून सातवर.

“मधलं?”

“मधलं नाहीये, वहिनी. माझी चूक झाली.” का नाही, ते मी जमेल तसं सांगितलं.

तिनं तो कागद उलटा करून पाठीमागं बघितलं. तिथं काही नव्हतं. मग सगळे कागद नीट जुळवून म्हणाली, “चला, कुठं दावायचं तिथं दावू.”

खालापूरच्या सरकारी कचेरीत काळूरामच्या मृत्यूची चौकशी चालू होती. आम्ही दोघं गेलो आणि मी लेखी जबाब दिला. चौकशी अधिकारी मध्यमवयीन, शांत गृहस्थ होते. त्यांनी कागद मन लावून बघितले आणि म्हणाले, “हे आधी आणायला हवं होतं. मी परवाच शेड बघून आलो. छत्तीस अंश होतं.” त्या अकरा दिवसांत शेडच्या भिंतीत दोन मोठे एग्झॉस्ट पंखे बसले होते आणि पत्र्याला वरून पांढरा रंग लागला होता. मी पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं, तर त्यांनी जुनी शेड बघितली असती.

सुनावणीला मॅनेजर माझ्याच आकड्यांचा आलेख घेऊन आला. कॉम्प्युटरनं बाराचा ठिपका आणि दोन वाजून सातचा ठिपका एका सरळ रेघेनं जोडला होता. चव्वेचाळीसपासून एकेचाळीसपर्यंत हळूहळू उतरत जाणारी सुबक निळी रेघ. “बघा,” तो म्हणाला, “दुपारी तापमान कमीच होत गेलं. आणि यंत्र यांचंच आहे.”

अधिकाऱ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“ही रेघ माझ्या यंत्राची नाही,” मी म्हणालो. “त्या दोन तासांची नोंदच कार्डावर नाही. मधे काय झालं ते त्याला माहीत नाही. कॉम्प्युटरनं नुसते ठिपके जोडलेत.”

“तुमचा अंदाज काय?”

“भट्टीची दोन्ही दारं उघडी आणि पंखे बंद. पन्नासच्या पुढं गेलं असणार.”

“अंदाज,” मॅनेजर म्हणाला.

“हो,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? ट्रॉल्या ओढणारे बाकीचे कामगार साक्षीला आले नाहीत. त्यांना दोष देत नाही. अकरा दिवस मी तरी काय केलं होतं?

निकाल लागायला दिवाळी उजाडली. प्रत घ्यायला यमुनेसोबत मी गेलो होतो. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर बसून तिनं कागद माझ्या हातात दिला. “तुमी वाचा. सरकारी अक्षर मला जमत नाय.”

मी वाचलं. घटनेच्या वेळचं शेडमधलं तापमान उपलब्ध नोंदींवरून निश्चित करता येत नाही. सबब मृत्यूचा आणि कामाच्या जागेच्या उष्णतेचा संबंध सिद्ध होत नाही. उपलब्ध नोंदी म्हणजे माझ्या. ते वाक्यही पूर्ण वाचलं. या वेळी काही गाळायचं नव्हतं.

त्याखाली आणखी एक परिच्छेद होता. वैद्यकीय अहवाल पाहता मृत व्यक्तीने मद्यप्राशन केल्याचा कोणताही पुरावा नाही. तसे विधान करणाऱ्या साक्षीदाराचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. अहवाल पहिल्यापासून फाइलमध्ये होता. आम्ही जाईपर्यंत तो कोणी विचारलाच नव्हता.

“ते परत वाचा,” यमुना म्हणाली.

मी परत वाचलं. तिनं ओळ कुठली ते विचारलं आणि पदराला टोचलेली टाचणी काढून त्या ओळीशेजारी कागदाच्या कडेला एक बारीक भोक पाडलं, घरी गेल्यावर सापडावी म्हणून.

आता माझा प्रत्येक डबा दर मिनिटाची ओळ त्याच मिनिटाला कार्डावर लिहितो आणि फाइल बंद करतो. कार्ड झिजलं तर झिजू दे, बदलता येतं. आत बॅटरी असते, लाइट गेली तरी दोन दिवस चालते. शेडमध्ये बसवायचा असेल तर काच माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर असते. साजगावच्या त्या कारखान्यानं मला परत बोलावलं नाही. शेजारच्या दोन कारखान्यांनीही नाही. त्याचं वाईट वाटतं, असं म्हटलं तर खोटं होईल.

निकालाच्या त्या दिवशी आम्ही कचेरीतून बाहेर पडलो तेव्हा यमुनेनं कागदाची घडी पिशवीत ठेवली. तिची गाडी वाडीच्या फाट्याकडं जाणारी, माझी खोपोलीची. मी म्हटलं, तुमची गाडी येईपर्यंत थांबतो.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. कचेरीत शिरल्यापासून पहिल्यांदाच.

“नको,” ती म्हणाली. “तुमी जा घरी, सायब. ऊन लई हाय.”